नमो मरियेचा उत्तरार्ध

वसईला आम्हा ख्रिस्ती लोकांत चालता चालता रोझरीची जपमाळ म्हणणारी माणसं रोज दिसतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे विष्णुपुरीला धरणाजवळ राहायला आले, तरी माझी ती सवय सुटली नाही. पहाटे फिरायला निघाले की हातात माळ आणि तोंडाने, ऐकू जाईल अशी, प्रार्थना. धरणाच्या रस्त्यावर भेटणारे एक म्हातारे सरदारजी माळेकडे बघून मान लववायचे. एका काकांनी एकदा विचारलं, "मॅडम, कोणत्या महाराजांची माळ हाय ही?"

"मारियामातेची."

"हाव का? जपा, जपा." एवढं बोलून ते पुढे गेले.

या माळेच्या मण्यामण्याला येणारी नमो मरिया ही प्रार्थना दोन भागांत म्हणतात. पहिला भाग एकाने म्हणायचा, दुसरा भाग म्हणून बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. इथे माझ्यासोबत कोणी नसल्यामुळे दोन्ही भाग मीच म्हणत असे.

थंडीत धरणाच्या पाण्यावरून इतकं धुकं चढायचं की रस्त्याची कड दिसत नसे. अशाच एका सकाळी पहिला भाग संपवून मी श्वास घेतला, तेवढ्यात पाण्याच्या बाजूने घोगरा आवाज आला.

"हे पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर."

या गावात माझी प्रार्थना जाणणारं दुसरं कोणी नाही, हे मला ठाऊक होतं. मी घरी आले ती जवळजवळ धावतच. नवरा म्हणाला, "पाण्यावरून तुझाच आवाज परत आला असेल." पण तो भाग मी उच्चारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गप्प राहून त्याच जागी उभी राहिले. आवाज आधीपासूनच चालू होता. एकदा उत्तर, मग शांतता, मग पुन्हा तेच उत्तर. त्या शांततेत मी मनातल्या मनात पहिला भाग म्हणून पाहिला. माझा शेवटचा शब्द संपला आणि आवाज सुरू झाला. पुन्हा म्हणून पाहिला, पुन्हा तसंच. जणू तिकडे पाण्यावर कोणीतरी सुरुवात करत होतं आणि ते फक्त मला ऐकू येत नव्हतं.

पळून जावंसं वाटत होतं, तरी मी उतारावरून खाली गेले. शेतीच्या मोटारींसाठी बांधलेल्या खोलीच्या ओट्यावर एक म्हातारी पाण्याकडे तोंड करून बसली होती. नऊवारी, कपाळावर गोंदण, पाय अनवाणी. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतक्यात तिचा मुलगा घोंगडी घेऊन आला. पन्नाशीचा शेतकरी. मला पाहून तो ओशाळला.

"भिऊ नका ताई. माय हाय माझी. दिवाळीपासून असंच करून राहिली. कोनाला जबाब देती, काय कळंना. गावातले म्हनतात पान्यातलं कायतरी लागलं. दोरे बांधून झाले, अंगारा झाला."

"ही आमची प्रार्थना आहे," मी म्हटलं.

त्याने घोंगडी मायच्या अंगावर टाकली. मग म्हणाला, "ल्हानपनी ती सिस्टरच्या बोर्डिंगात व्हती म्हनं. लगीन झाल्यावर कधी नाव न्हाई काढलं."

मला एकदम उलगडा झाला. मिशनच्या बोर्डिंगात सुरुवात सिस्टर करत असतील, मुली फक्त उत्तर देत असतील. तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

त्या दिवसापासून मी ओट्यावर तिच्याशेजारी बसून पहिला भाग मोठ्याने म्हणू लागले. ती उत्तर द्यायची. पण अधूनमधून मी गप्प असतानाही द्यायची, आणि तेव्हा तिची नजर माझ्याकडे नसायची. पाण्यावरच्या एकाच ठिकाणी ती खिळलेली असायची. तिकडे बघायचं मी टाळत असे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी म्हातारीचा मुलगा आमच्या दारात आला. "ताई, मायचं काई खरं न्हाई. तुमचं ते म्हना चला. भावकी बसलीय, पन कोनी काई म्हननार न्हाई."

त्यांच्या अंगणात पुरुष, पडवीत बायका. अनोळखी माणसांनी भरलेल्या त्या घरात मी म्हातारीच्या उशाशी बसले, हातातली माळ सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि सुरुवात केली. पहिला भाग संपला. म्हातारीचे ओठ हलले नाहीत.

मग चुलीपाशी बसलेल्या तिच्या सुनेने पुढचे शब्द म्हटले. तोच घोगरा सूर, थांबायच्या जागाही त्याच. स्वतःच दचकून तिने पदराने तोंड झाकलं. "मला न्हाई येत हे," ती म्हणाली. "रोज कानावर पडून पडून..."

अंगणातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मुलगा मात्र आईवरची नजर न हलवता म्हणाला, "थांबू नका, ताई. म्हना."

मी पुढचा मणी धरला. या वेळी सुनेबरोबर मुलाचाही आवाज होता. दुपार कलेपर्यंत आम्ही तिघं म्हणत राहिलो, आणि त्यातच कधीतरी म्हातारी गेली. नेमकी कधी, ते आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.