सिस्टरचे पाच काका

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सिस्टरइतकी कर्तव्यदक्ष नर्स अख्ख्या दिल्लीत शोधून सापडणार नाही, आणि सणासुदीला तिच्याइतकी दांडीबहाद्दर नर्सही सापडणार नाही. डिसेंबरच्या धुक्यात स्वतःचा हात स्वतःला दिसत नसतो, तेव्हाही ही बाई मफलर गुंडाळून ड्यूटीला निघालेली असते. एकदा मेट्रो बंद पडली तर मयूर विहारपासून चालत गेली. पण कॅलेंडरवर लाल आकडा आला की संपलं. होळी, राखी, दसरा, दिवाळी, ईद, नाताळ, यात डावं-उजवं नाही. सर्वधर्मसमभाव मी पुस्तकात वाचला होता. तो दांडीच्या रूपाने आचरणात आणलेला इथेच पाहिला. गंमत म्हणजे ही विट्याकडची, अस्सल मराठी, पण गणपतीला मात्र निमूट कामावर जाते. "गणपतीला घरी थांबत नाहीस आणि लोहडीला थांबतेस, हा काय प्रकार आहे?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "काका, इथे गणपतीचं कोणाला काय पडलंय!" हे उत्तर मला तेव्हा अजिबात कळलं नाही.

दांडी मारायची म्हणजे कारण लागतं. स्वतःच्या तब्येतीचं कारण ती कधीच सांगत नाही. "नर्सने आपल्या आजाराबद्दल खोटं बोलू नये, ते लागतं," ही तिची श्रद्धा. माझ्या आजाराबद्दल बोललेलं लागत नाही, हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. मी निवृत्त, विधुर, मुलगी पुण्यात, म्हणजे आजारी पडायला अगदी मोकळा. पहिल्या वर्षी अननुभवामुळे तिने मला सरळ मारूनच टाकलं. होळीचा दिवस होता. संध्याकाळी तिच्या वॉर्डातल्या दोघी मुली पांढरी फुलं घेऊन सांत्वनाला आल्या आणि चुकून माझ्याच दाराची बेल वाजवली. मी दार उघडलं. दुःखाच्या घरी 'तुम्ही कोण' असं कसं विचारायचं म्हणून त्या बिचाऱ्या नुसत्याच उभ्या. शेवटी एकीने विचारलं, "आप...?" आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला वेळ मारून नेण्याचं शिक्षण असतंच. मी म्हणालो, "मैं दूसरा वाला हूँ." फुलं मी घेतली आणि देवाला वाहिली.

त्या एका वाक्याने मी फसलो. सिस्टरला वाट सापडली. गेलेले काका सोडून थोरल्यांना मधुमेह, दुसऱ्यांना दमा, तिसऱ्यांना मुतखडा असं करत तिने माझ्या एकट्याचे पाच काका केले. इनचार्ज मॅडम खात्री करायला फोन करायच्या तेव्हा मला वेगवेगळ्या आवाजांत बोलावं लागे. दम्याच्या काकांना लांब वाक्यं झेपत नसत, ते मला सोयीचं पडे. मुतखड्याचे काका मात्र फार विव्हळायचे. एकदा ते ऐकून खालच्या मजल्यावरचे खरंच वर धावत आले. आजार निवडण्यातही तिचं एक शास्त्र होतं. "छातीत दुखतंय नको हं काका, मग त्या म्हणतात इकडेच घेऊन या. एका दिवसात बरं होईल, पण माणूस जवळ लागेल, असं बघायचं." आणि खोटं बोलल्याची टोचणी लागायचीच, म्हणून मला रक्तदाब कमी झालाय असं कळवलं की लगेच यंत्र घेऊन यायची, मोजायची, मीठ-लिंबाचं पाणी पाजायची आणि दुपारपर्यंत आडवं करून ठेवायची. दोन होळ्या मी कॉटवर पडून गच्चीवरचा दंगा ऐकला.

एवढं करून मिळवलेल्या सुट्टीचं ती करायची काय? काहीही नाही. ना पक्वान्न, ना पाहुणे, ना बाजार. दुपारी चार वाजले की मटार किंवा मेथी घेऊन माझ्या बाल्कनीत येऊन बसायची आणि मुकाट्याने निवडत राहायची. कधी एकदम विचारायची, "काका, चार वाजून गेले का हो?" मी म्हणायचो, "तुझ्या हातात घड्याळ आहे." ती म्हणायची, "असू दे, तुम्ही सांगा." साडेपाच-सहा झाले की तिचा चेहरा जरा सैल व्हायचा. मग चहा टाकायची आणि बोलायला लागायची, आणि एकदा बोलायला लागली की मला टीव्हीवरच्या बातम्या मिळत नसत.

गेल्या दसऱ्याला मात्र घोटाळा झाला. चौथ्या काकांना चक्कर आली म्हणून तिने फोन केला आणि मॅडमचा संयम सुटला. त्या केरळच्या, बोलणं मऊ, पण शब्द मोजून. म्हणाल्या, "दिवाली को दो बजे ड्यूटी है. नहीं आयी, तो फिर कभी मत आना." सिस्टर माझ्याकडे येऊन बसली. "नोकरी गेली तर विट्याला परत जावं लागेल, काका. इथलं भाडं कुठून भरू?" मी म्हणालो, "अगं मग जा ना एक दिवस! आकाश कोसळतंय का?" ती म्हणाली, "जाईन." पण ते तिने भिंतीकडे बघून म्हटलं. ती विट्याला गेली तर समोरचं दार बंद होणार, हे माझ्याही डोक्यात आलं.

आणि धनत्रयोदशीला मी खरोखर आजारी पडलो. जुना हर्निया अडकला. घाम फुटला, उलट्या सुरू झाल्या. सिस्टरने एकदा पोटाला हात लावला, मला रिक्षात घातलं आणि थेट आपल्याच हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर ती कानाशी लागून सांगत होती, "काका, इथे कमीत कमी बोला. मॅडम आवाज ओळखतील." दुसऱ्या दिवशी मॅडम राउंडला आल्या. मी दम्याच्या काकांसारखं एका शब्दात उत्तर दिलं. त्यांनी माझा कागद पाहिला, मला पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "अंकल, आप कौन से नंबर वाले हैं?" मी म्हणालो, "सब मैं ही हूँ, मॅडम." टाके दुखत होते, पण हसू आवरेना. त्या हसल्या नाहीत.

दिवाळीच्या दिवशी सकाळपासून वॉर्ड रिकामा होऊ लागला. ज्याला उभं राहता येत होतं त्याला घरचे घेऊन गेले. आम्ही चौघे उरलो. दोन वाजले, सिस्टर आली नाही. मॅडम माझ्या खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. "फ़ोन आया था. बोली, काका बहुत बीमार हैं." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती खरं बोलली होती, आणि नोकरी त्यावरच जाणार होती.

चार वाजता भेटायची वेळ झाली आणि वॉर्डाचं दार उघडलं. खिडकीजवळचे आजोबा उठून बसले आणि त्यांनी चादर नीट केली. पलीकडच्याने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. सगळे दाराकडे बघत होते. येऊ नकोस असं मुलीला मीच बजावलं होतं, आणि तरी मी केस विंचरले होते. बाहेर फटाके वाजत होते. कोणी आलं नाही. पाच वाजत आले तेव्हा सिस्टर दारात दिसली. अंगात घरचे कपडे, हातात फराळाचा डबा, आणि पाऊल आत पडत नव्हतं.

"घरी बसले होते," ती माझ्याजवळ येऊन म्हणाली. "सणाला हेच बघवत नाही हो, काका. रक्त बघवतं, सगळं बघवतं. पण सणाच्या दिवशी चार वाजता हे लोक दाराकडे बघतात आणि दारातून मीच येते, औषध घेऊन. ते मान फिरवतात. गणपतीला इथे कोणी कोणाची वाट बघत नाही. पहिल्या दिवाळीला एक आजी 'आली का गं माझी माणसं?' म्हणून विचारत राहिल्या, मी 'येतायत, येतायत' म्हणत राहिले. आज चार वाजले, आणि लक्षात आलं, की आज तुम्हीपण बघत असाल."

मी मान फिरवली नाही. चकली घेतली आणि म्हणालो, "जरा कडक झालीय." तिने डोळे पुसले आणि डबा घेऊन बाकीच्या तिघांकडे गेली. आजोबांना तिने शंकरपाळे दिले. "मैं आयी हूँ ना," असं काहीतरी म्हणाली. मग लॉकरमधून युनिफॉर्म काढून घातला. मॅडम लांबून बघत होत्या. "लेट मार्क लगेगा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि एक चकली त्यांनीही उचलली.

त्या दिवसापासून सिस्टर प्रत्येक सणाला ड्यूटी मागून घेते. चार वाजता डबा घेऊन प्रत्येक खाटेपाशी जाते. तिचे पाचही काका एकदम ठणठणीत झाले आहेत, आणि मला ते अजिबात मानवलेलं नाही. परवा होळीला मी गच्चीवर जाऊन रंग खेळून आलो, अंघोळ केली, बाल्कनीत बसलो. चार वाजले. समोरच्या दाराला कुलूप होतं. ते बराच वेळ मी बघत होतो, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. शेवटी मी मॅडमना फोन लावला.

"सिस्टर का काका बोल रहा हूँ. तबीयत ठीक नहीं है."

मॅडमनी विचारलं, "सच में?"

"नहीं," मी म्हणालो.

"आठ बजे छूटेगी," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "सीधा आपके पास भेज देती हूँ."

मी आत जाऊन मटार सोलायला घेतले.