फीट आली

काल बुक्कीनं कांदा फोडला आणि त्या वासासरशी मी मनानं लहानपणात, पोलादपूरजवळच्या आमच्या अर्धवट खोदलेल्या विहिरीच्या काठावर पोचले. आतून बाबा ओरडले, "वीस फूट झालं गो!"

मी त्याच दिवशी शाळेत अनेकवचन शिकले होते. "फूट नाय बाबा, फीट! फीट!"

घरातून काकी फोडलेला कांदा घेऊन धावत आली. "कुणाला आली गो फीट? आधी कांदा हुंगवा!"

बाबा खाली हसून लोळायचे बाकी. मला मात्र रडू फुटलं. इंग्रजी माझंच बरोबर होतं ना! मग तोच कांदा सगळ्यांनी भाकरीबरोबर खाल्ला.

आता महाडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. फूटचं अनेकवचन फळ्यावर लिहिताना अजून तोंडाला पाणी सुटतं.