रामटेकच्या गडावरचं मोजमाप

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही, आणि तिच्यापासून तर मी काहीच लपवत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही.

आधीच सांगून ठेवते, गैरसमज नको. मी सुखात आहे. नागपुरात कॉलेजात फिजिक्स शिकवते, नवरा वकील आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही संध्याकाळी आम्ही दोघं उगाचच सीताबर्डीला चक्कर मारून येतो. मग हे बोलायचं कशाला? — तेच तर.

ते मला पाहायला आले तेव्हा मी नुकतीच एमएस्सी झाले होते. काय शिकलात, त्यांनी विचारलं. मी तोऱ्यात सांगितलं, की वेळ सगळ्यांसाठी सारखी चालत नाही. वेगात जाणाऱ्याची हळू चालते. त्यांना हसू आलं. घड्याळ मागे पडलं तर घड्याळ बिघडलं म्हणतात, वेळ बिघडली असं कोण म्हणतं? मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही स्वतः पाह्यलं का? का पुस्तकातलंच सांगून राहिल्या? आमच्या कोर्टात ऐकीव गोष्ट चालत नाही."

मला सरळ उत्तर देता आलं असतं. विमानातून फिरवून आणलेली घड्याळं आहेत, जी जमिनीवरच्या घड्याळांशी जुळत नाहीत. आभाळात उंचावर जन्मणारे कण आहेत, जे वाटेतच संपायला हवेत, पण वेगामुळे त्यांची वेळ हळू चालते म्हणून जमिनीपर्यंत पोचतात. सगळीकडे फरक गणितात येतो तेवढाच. निरनिराळ्या गोष्टी अशा एकाच हिशेबानं बिघडतात का? — हे सगळं मला येत होतं. पण ऐकीवच होतं ना. आणि तो माणूस मला आवडला होता. मी म्हटलं, "हो. ते कण मी मोजलेत. एका दुपारी, रामटेकच्या गडावर आणि मग पायथ्याशी."

असे कण मोजायचं आमच्या विभागातलं एकुलतं यंत्र काचेच्या कपाटातून कधी बाहेर निघालंच नव्हतं.

त्यांनी मान डोलावली. प्रश्न मिटला — कायमचा. दिवसभर लोकांवर संशय घेणाऱ्या या माणसानं माझ्या शब्दावर पुन्हा कधी शंका घेतली नाही. रामटेकला गेलो की पायऱ्यांवर थांबून मुलीला सांगायचे, तुह्या आईनं इथं वेळ मोजली. मी लाजल्यासारखी हसायचे. ते हसू खोटं होतं का? निम्मं.

एवढंच असतं तर मी गप्प राहिले असते.

आमची मुक्ता आता फिजिक्सच शिकते. दिवाळीला घरी आली, तेव्हा स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन — बाबांनी ऐकू नये म्हणून — हळूच म्हणाली, "आई, एवढ्याशा गडावर एका दुपारी फरक दिसतच नाही वं. मी गणित करून पाह्यलं." तिनं ते मला दाखवलं. बरोबर होतं. पाहताक्षणीच कळलं मला. सांगायला किती सोपं होतं! तिलाच, फक्त तिला. मी काय केलं? वर्गातल्या आवाजात म्हटलं, की तुझी मूळ कल्पनाच चुकते आहे, नीट वाच.

ती खोलीत गेली. जेवायला बाहेर आली तेव्हा डोळे खाली होते. "माह्यंच चुकलं असन, आई," ती म्हणाली. "सॉरी."

वेळ सापेक्ष आहे. प्रयोगांनी ते पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. मी दाखवलेलं नाही. माझ्या मुलीचं गणित बरोबर होतं, आणि मी तिलाच माफी मागू दिली. मग आम्ही तिघं पोटभर जेवलो. जेवण छान झालं होतं.