तात्यांनी परत केलेली यादी

थकबाकीसाठी वीज तोडायला गेले की तात्या गांगुर्डे आधी दारात उभे राहून सांगत, "टाकी भरून घ्या, मोबाइल चार्जिंगला लावा. अर्धा तास थांबतो." मग खरंच ओट्यावर अर्धा तास बसत आणि वेळ झाली की मुकाट्याने खांबावर चढत. शिव्या देणारी माणसंही त्यांना चहा विचारत.

पिंपळगाव बसवंतच्या वीज कार्यालयात ते वायरमन होते आणि मी नुकताच लागलेला अभियंता. कंपनी सरकारी आणि गळ्यापर्यंत कर्जात. वीज विकत घ्यायला कर्ज, जुन्या कर्जाचे हप्ते फेडायला नवं कर्ज. स्टोअरमध्ये केबल नसे, कंत्राटी पोरांचे पगार रखडत. तात्या जुन्या केबलचे तुकडे जोडून वेळ भागवत आणि म्हणत, "लाइट गेली तर सगळा गाव आपल्याला बोलतो साहेब. बिल थकवणाऱ्याला कोणीच बोलत नाय."

मार्चमध्ये वसुलीची यादी आली. पहिलं नाव शांताबाईंच्या पिठाच्या गिरणीचं. दळणाचे डबे रांगेत होते. तात्यांनी सगळी दळणं होऊ दिली आणि मगच वीज तोडली. शांताबाई डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. मी हळूच विचारलं, "राहू द्यायचं का?"

"आज बाईंना सोडलं तर शेजारच्याला कोणत्या तोंडानं तोडायचं? नियम हाय तर सगळ्यांना हाय."

दुसरं नाव हायवेवरच्या एका कोल्ड स्टोरेजचं. थकबाकी गिरणीच्या कितीतरी पट. तात्यांनी मॅनेजरला बजावलं, "जनरेटर चालू करून घ्या. आत लोकांची द्राक्षं हायेत." ते शिडी लावत होते, तेवढ्यात मला वरिष्ठांचा फोन आला. "तिथलं राहू द्या." मी तात्यांना खुणेनेच थांबवलं.

कार्यालयात आल्यावर तात्यांनी यादी माझ्या टेबलावर ठेवली. "आता ह्यातलं एकबी नाव माझ्याच्यानं तोडवणार नाय."

"तात्या, आदेश आहे."

"मग तसं लिहून द्या. गिरणी तोडायची, कोल्ड स्टोरेज सोडायचं. कागद द्या, लगेच निघतो."

मी लिहून दिलं नाही. चौथ्या दिवशी शांताबाईंनी कुठून तरी पैसे आणून भरले. त्याच आठवड्यात तात्यांना कामात कुचराई केल्याची नोटीस निघाली. खाली सही माझी होती. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांची बदली लांब डोंगरात, सुरगाण्याला झाली. शेवटच्या दिवशी ते नव्या वायरमनला दुपारभर फिरवून कोणता खांब बुडाशी गंजलाय ते दाखवत होते. माझ्याकडे फक्त स्टोअरची चावी द्यायला आले.

मी आता अंबडला आहे. गेल्या वर्षी कळलं, तात्या इथे जवळच, इंदिरानगरला मुलीकडे असतात. गेलो. बरेच थकले होते, पण ओळखलं लगेच. चहा आला. मग मी म्हणालो, "तात्या, त्या नोटिशीबद्दल माफी मागायला आलोय."

"नवी नोकरी होती तुमची," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्या कोल्ड स्टोरेजनं बिल भरलं का?"

"नाही. अजून बाकीच आहे."

तात्यांनी कप खाली ठेवला. "मग माफी मागायला लवकर आलात, साहेब."