लाल की निळी

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे कवळीताई म्हणत. एकवीस वर्षं ती तिथे खोटे दात घडवत होती. मेणाचा दात कोरायचा, साच्यावर बसवून बघायचा, केसाएवढा उंच वाटला तर पुन्हा खरवडायचा. काम असं की दिवसभर खुर्ची सोडायची नाही, आणि बाई अशी की तिला पाच मिनिटं एका जागी बसवत नसे. टेबलाखाली तिचा पाय सतत हलत असायचा. शेजारचा कारागीर म्हणायचा, "ताई, पाय आवरा, इथे माझी दाढ हलतेय."

एका रविवारी धाकट्या बहिणीने तिला चढाईच्या भिंतीवर नेलं. जुन्या गोदामात उंच लाकडी भिंती उभ्या केलेल्या, त्यांवर हातापायांना धरायला रंगीबेरंगी पकडी स्क्रूने घट्ट बसवलेल्या आणि खाली जाडजूड गाद्या. दोर वगैरे काही नाही. चढायचं, हात सुटला तर गादीवर पडायचं. प्रत्येक चढाईच्या पायथ्याशी एक चिठ्ठी असे, आणि चिठ्ठीच्या रंगावरून ती किती अवघड ते कळे. पिवळी सगळ्यात सोपी, मग हिरवी, निळी, लाल आणि सर्वांत शेवटी काळी. बहीण दोन आठवड्यांत कंटाळली. ताईला मात्र खूळ लागलं.

"तिथे एकेका चढाईला प्रॉब्लेम म्हणतात," तिने घरी नवऱ्याला सांगितलं.

"मग एवढ्या लांब कशाला जायचं," तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला. "घरात काय कमी आहेत?"

पिवळ्या तिने महिन्याभरात संपवल्या. हिरव्यांनी चार महिने घेतले. तिथे तिला समजलं की नुसत्या हातांनी लोंबकळून काही होत नाही, अंगाचा भार पायावर टाकावा लागतो. निळ्यांनी वर्ष खाल्लं. गंमत अशी, की एखादा रंग हाती आला की दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी पुढचा रंग डोळ्यांपुढे नाचू लागायचा. स्वयंपाकाच्या ओट्याची कड दिसली की तिची बोटं शिवशिवत. तळहात खरखरीत झाले होते, नखं मुळापासून कापलेली. बहीण म्हणाली, "ताई, जरा हौसेनं कर गं. परीक्षा आहे का?" ती हसली, पण मनात म्हणाली, आहे.

लालपाशी घोडं अडलं. पुढे झुकलेल्या भिंतीवर एक लाल चढाई होती. तिच्या तिसऱ्या पकडीवरून चौथी गाठायची, तर ताईचा हात वीतभर कमी पडायचा. तिची उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. पाच आठवडे ती तिथूनच पडत राहिली. मग एका गुरुवारी संध्याकाळी तिने डावी टाच कमरेएवढ्या उंचीवरच्या पकडीत अडकवली, तिच्यावर अंग ओढून घेतलं आणि हात चौथीला टेकला. वरची शेवटची पकड तिने दोन्ही हातांनी धरली.

शुक्रवारी लॅबमध्ये सगळ्यांना कळलं. रविवारी ती नवऱ्याला मुद्दाम दाखवायला घेऊन गेली, आणि बघते तर चिठ्ठी निळी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पकडी बसवणारा आणि रंग ठरवणारा माणूस कोपऱ्यात स्क्रू आवळायचे पाने साफ करत होता. सहा फुटांहून उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत.

"ही लाल होती," ती म्हणाली.

"होती. बदलली. सगळ्यांना सोपी जात होती."

"सगळे म्हणजे कोण?"

शिडीने विचार करून चार-पाच जण सांगितले. एकेकाला आठवत त्याचा आवाज खाली खाली येत गेला. सगळे त्याच्याच मापाचे होते.

"कोपर दुमडून जा तिथून," ती म्हणाली. "माझ्याएवढा हात करून."

तो गेला आणि पडला. पुन्हा गेला, पुन्हा पडला. बाकावर बसलेल्या नवऱ्याने चष्मा पुसून घेतला. शिडी गादीवरून उठला, अंग झटकलं आणि म्हणाला, "चिठ्ठी मी आता बदलणार नाही. उद्या इथलं सगळं काढून नवीन लावायचंय. मंगळवारी सकाळी सातला या. चिठ्ठ्या लावायच्या आधी चढा आणि सांगा."

मंगळवारी ती पावणेसातलाच दारात उभी. भिंतीवर नव्या पकडी होत्या, पायथे कोरे. रंग माहीत नाही म्हटल्यावर तिला चैन पडेना. कशाची तयारी ठेवायची, किती घाबरायचं, काहीच कळत नव्हतं. चार चढाया झाल्या. पाचवी तिने दुसऱ्या झटक्यात काढली.

"कोणती?" शिडीने विचारलं. त्याच्या एका हातात निळी चिठ्ठी होती, एका हातात लाल. "मला लाल वाटते."

लाल म्हणायला काहीच हरकत नव्हती. ती म्हणेल ते लागणार होतं. मधला वळसा कठीण होताच, आणि पाच आठवड्यांची भरपाई झाली असती.

"निळी," ती म्हणाली.

त्या दिवशी लॅबमध्ये तिने एक दाढ दोनदा बिघडवली. आपण खरं बोललो याचा आनंद व्हायला हवा होता, तो कुठे दिसेना. उलट दिवसभर एकच किडा डोक्यात वळवळत होता, खरंच निळी होती ना? संध्याकाळी घरी न जाता ती परत भिंतीवर गेली आणि तीच चढाई पुन्हा चढली. निळीच होती. तेव्हा कुठे तिला जेवण गेलं.

दर दोन महिन्यांनी शिडीचा निरोप येऊ लागला. तिच्या सांगण्यावरून तो लांबच्या पकडींच्या मध्ये पायासाठी बारीक टेकू देऊ लागला, कुरकुरत का होईना. भिंतीवरच्या इतर बुटक्या बायका तिला येऊन विचारत, "ही आपल्याला किती?" आणि ती सांगे.

लाल तिला पुढच्या वर्षी मिळाली. पाचव्या पकडीवर तिचं बोट सोलवटलं, तरी ती वर पोचली. या वेळी कोणी रंग बदलला नाही.

"झालं आता समाधान?" नवऱ्याने बोटाला पट्टी गुंडाळत विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

"काळीच्या मागे नाही ना लागणार?"

"छे, वय काय माझं."

शनिवारी काळीच्या पहिल्याच पकडीवरून तिचा हात अकरा वेळा निसटला. बाराव्या वेळी पाय गादीवरून उचलले गेले, तेवढ्यात हात सुटला.