दहा-वीसचा भाव

निदान एक तरी शत्रू माणसाला नात्यातला असावा. परका शत्रू टाळता येतो. नात्यातल्याला जेवायला बोलवावं लागतं, आणि वैराची खरी लज्जत त्याच्या पानात आग्रहाने वाढताना कळते. माझ्या लेकीच्या लग्नात मला जावई मिळाला, आणि त्याच्यावर फुकट म्हणून व्याही मिळाले.

पुण्यातून निवृत्त होऊन ते मुलाकडे, हेब्बाळला, कायमचे राहायला आले. इथला तांदूळ त्यांना जाड वाटतो, आमची मराठी पातळ वाटते, आणि सांबारात गूळ का, हा प्रश्न ते दर वेळी नव्याने विचारतात. आमचं कुटुंब या कानडी गावात किती पिढ्या आहे ते आम्हालाही मोजता येत नाही, पण ते मला "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं अजून विचारतात. मीही दर वेळी वेगळं गाव सांगते.

पूर्वी ते दिवसभर फोनवर पोकर खेळत. फोनवरचे पैशांचे खेळ बंद झाले आणि घरात बोलायचं कुणाशी, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला. सून, म्हणजे माझी लेक, मोठी चतुर. तिने त्यांना सांगून टाकलं, "आई दर रविवारी पोकर खेळते, तुम्ही जा की." असं तिने माझं घर आणि स्वतःचा रविवार, दोन्हींचा निकाल लावला.

आमचा डाव के. आर. पुरमला, आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या अण्णा-अक्कांकडे चालतो. रविवारी जेवणं झाली की मी वर जाते. आमचे हे त्या वेळी झोपतात, आणि आमचा संसार टिकला आहे तो त्यामुळेच. अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले, पानं वाटताना घसा खाकरणारे. अक्का घरी शिलाई करतात, साड्यांना फॉल लावतात, ब्लाउज शिवतात. आठवडाभर मशीनवर वाकलेली ही बाई एवढी एकच दुपार पाठ टेकून बसते. फॉलच्या कमाईतले पाचशे रुपये ती त्या दिवशी बाजूला काढते, आणि त्या पाचशेंचा हिशोब अण्णांनाही विचारायची सोय नाही.

आमचा खेळ लिमिटचा. हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. पहिल्या दोन फेऱ्यांत बोली दहाची, पुढच्या दोन फेऱ्यांत वीसची. त्याहून जास्त लावायची कितीही हौस आली तरी लावता येत नाही. त्यामुळे आमच्यात पॅक कुणी करत नाही. समोरच्याकडे काय आहे ते वीस रुपयांत कळत असेल तर न बघता उठायचं कशाला? पाहुण्याच्या हातातली पिशवी आणि शेवटचं पान, दोन्ही बघितल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही.

व्याही पहिल्या रविवारी आले ते रिंग रोडवरची सगळी वाहनं अंगावर घेऊन. कॅबवाल्याला शिव्या, सिग्नलला शिव्या, मग आमच्या जिन्याला. दोन डाव बसले आणि पानं टेबलावर टाकून म्हणाले, "विहीणबाई, हा पोकर आहे की भिशी?"

"का हो? काय झालं?"

"लिमिट! पाळण्याला चारी बाजूंनी उशा लावून ठेवल्यात. नो-लिमिट खेळा. हवं तेव्हा हवं तेवढं लावा, समोरचा सगळा ढीग लावा. त्यात माणसाची परीक्षा होते."

"आमची परीक्षा तुमच्याकडे मुलगी देताना झाली," मी म्हटलं. अण्णांनी घसा खाकरला.

पण अण्णांना नव्याची आवड. त्यांनी विचारलं, "भाव काय ठेवायचा मग?"

"तोच की! दहा-वीस. आकडे तेच, फक्त कुलूप काढायचं." असं म्हणताना व्याह्यांनी जे स्मित केलं ते मी साखरपुड्यात, हुंड्याचं नाव न काढता भांड्यांची चौकशी करताना पाहिलं होतं. तेव्हाच उठायला हवं होतं. पण आकडे तेच म्हटल्यावर आम्हाला खेळ तोच वाटला. गल्ली तीच म्हणून घर तेच समजून शिरावं, तसे आम्ही शिरलो.

लिमिटमध्ये दहा-वीस हा बोलीचा कळस असतो. नो-लिमिटमध्ये दहा-वीस हा नुसता उंबरठा. पानं बघण्याआधी दोघांना ते टाकावेच लागतात, आणि खरा खेळ त्याच्या पुढे सुरू होतो. अक्कांचे पाचशे लिमिटमध्ये अख्खी दुपार पुरायचे. इथे त्या पाचशेंत धड चार बोली नव्हत्या.

तिसऱ्याच डावात अक्कांना दोन जोड्या लागल्या. टेबलावर तीन किलवर उघडे होते. व्याह्यांनी आपला सगळा ढीग पुढे सरकवला. अक्कांनी नेहमीसारखं "चल, बघू या" म्हटलं आणि पाचशेच्या पाचशे आत गेले. व्याह्यांनी हातातले दोन किलवर एकेक करून मांडले, वधूपक्षाला दागिने दाखवावेत तसे; पाच किलवरांपुढे दोन जोड्या हरतात.

अक्का उठल्या. "साकू, पुरे झालं मला," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने मशीनचा आवाज सुरू झाला. रविवारच्या दुपारी तो आवाज त्या घरात मी पहिल्यांदा ऐकला.

"लिमिटवाल्यांचं हेच," व्याही चिप्स रचत म्हणाले. "भाव सारखा दिसला की खेळ सारखा वाटतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पोरंसुद्धा जाणतात. लिमिटमधून नो-लिमिटला येताना भाव पार खाली आणायचा असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

पुढच्या रविवारी अक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी जिन्यात गाठलं तर म्हणाल्या, "बिडी, सोड गं. पाच फॉल एका मिनिटात गेले. मी घाबरत घाबरत खेळू कशाला? त्यापेक्षा शिवते." मला मग रात्री झोप लागेना. व्याह्यांचं तोंड मी सोसलं असतं, पण अक्कांशिवायचं ते टेबल म्हणजे कुणाच्या तरी तेराव्याला गेल्यासारखं वाटायचं.

मी मागणी मांडली. भाव एक-दोनचा, प्रत्येकाचे दोनशे, त्याहून एक रुपया वर नाही.

"एक-दोन?" व्याह्यांनी छातीला हात लावला. "विहीणबाई, एवढ्यात तर माझा वॉचमन बसायचा नाही."

"तो तुमच्यासोबत तसाही बसायचा नाही."

"असं करू. तुम्ही आणि मी, दोघंच. दहा-वीसने. एकाचा ढीग संपेपर्यंत. जो जिंकेल तो भाव ठरवेल, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

अण्णा म्हणाले, "अहो, नको." मी म्हटलं, "पानं वाटा."

आतल्या खोलीत मशीन चालू होतं. व्याही मला ओळखून होते. ही बाई पॅक करत नाही, शेवटी बघतेच, हे त्यांना पाठ. म्हणजे माझ्यापुढे थापा मारण्यात अर्थ नाही, चांगली पानं येईपर्यंत थांबायचं आणि आली की ढीग लोटायचा. आणि हे सगळं त्यांना माहीत आहे, हे मला माहीत होतं.

त्यांनी ढीग लोटला तेव्हा माझ्याकडे राजांची जोडी होती. लिमिटमध्ये ही जोडी मी माहेरच्या नथीसारखी मिरवली असती. मी ती उताणी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "पॅक."

व्याह्यांचं तोंड उघडं राहिलं. "राजे टाकलेत?"

"तुम्हीच म्हणालात ना, परीक्षा असते."

त्यांच्याकडे तीन सत्ते होते. ते त्यांनी न मागता दाखवले, कारण जेवणारा उठून गेला तरी पदार्थ दाखवायचा हा त्यांचा स्वभाव. पुढे आणखी दोनदा त्यांनी जोर केला, मी दोनदा जोडी दाखवून पॅक केलं. आता त्यांना वाटू लागलं की बाई घाबरली. माझा ढीग खाली जात होता, त्यांचा आवाज वर चढत होता.

"पुण्यात याला गाळण उडणं म्हणतात."

"इथे याला जेवणाआधी ढेकर देणं म्हणतात. तुमचं बोलणं झालं असेल तर लावा."

टेबलावर राजा, राणी, सत्ता, चौका, दुरी. माझ्या हातात नव्व्यांची जोडी. व्याह्यांनी पुन्हा सगळा ढीग पुढे केला, आणि या वेळी बोलत बोलत केला. "टाका, टाका. घरी जाऊन भाकरी थापा." खरी पानं असली की हा माणूस गप्प बसतो, हे मी लग्नाच्या याद्या करताना पाहिलं होतं. आत मशीन थांबलं होतं.

"चल, बघू या," मी म्हटलं.

गुलाम आणि दश्शी. एक्का किंवा नव्वी येईल आणि माळ पुरी होईल म्हणून शेवटपर्यंत बसले होते. दोन नव्व्या माझ्याकडे होत्या. पुढचा एक डाव झाला, त्यात उरलेल्या चिप्सही आल्या. मी अण्णांना म्हटलं, "एक-दोन. दोनशे."

व्याही चप्पल घालताना जिन्याला काहीतरी बोलले. पुढच्या रविवारी येणार नाहीत अशी मला आशा होती. आले. वेळेच्या आधी आले.

अक्काही आल्या. दोनशे रुपये टेबलावर ठेवून म्हणाल्या, "दोन फॉल. सरी, चालेल, एवढे गेले तर मी रडणार नाही."

पहिल्याच डावात टेबलावर जेमतेम आठ रुपये पडले होते. अक्कांनी पदर खोचला आणि सगळे दोनशे पुढे केले. मी पॅक, अण्णा पॅक. व्याही बसून राहिले. आपली पानं बघितली, अक्कांचा चेहरा बघितला, परत पानं. गळ्याशी घाम दिसू लागला. ज्या माणसाला एक-दोनमध्ये बसायची लाज वाटत होती तो दोनशेंसाठी पंख्याचा वेग वाढवायला सांगत होता.

"काय आहे तुमच्याकडे?"

"अक्का आहेत," मी म्हटलं. "ओळख झालीय ना तुमची?"

"तुम्ही मध्ये बोलू नका!" त्यांनी पानं आपटली. "पॅक!"

अक्कांनी आठ रुपये गोळा केले, नीट एकावर एक रचले. अण्णांनी घसा खाकरून पुन्हा पानं वाटली. दोन पानं समोर पालथी पडली आणि अक्कांनी त्यांना हातही न लावता सगळा ढीग परत पुढे लोटला.

"अहो!" व्याही ओरडले. "निदान पानं तरी बघा!"

"तुम्ही तुमची बघा," अक्का म्हणाल्या.