आमच्या ड्राइव्हवेवरचा ऐतिहासिक लोहारखाना

मार्कहॅममधलं आमचं घर अकरा वर्षांपूर्वी बांधलेलं आहे आणि गेल्या जूनमधल्या एका शनिवारी ते आमच्या भागातला सर्वांत जुना लोहारखाना होतं.

हा मान त्याला मी मिळवून दिला. खरा लोहारखाना गाडीनं वीस मिनिटांवर आहे. बिचाऱ्याकडे कुणी फिरकत नव्हतं आणि त्या शनिवारीही कुणी आलं नाही, तर नगरपालिका त्याला कायमचं कुलूप लावणार होती. वारसा समितीच्या अध्यक्ष मार्गारेटबाई (वय पंच्याहत्तर, आवाज तरण्याताठ्या हेडबाईंचा) रडवेल्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "मार्गारेट, तुम्ही फक्त चहा ठेवा. गर्दी मी आणतो!" सॉफ्टवेअरवाला माणूस मी, काम फुकट करायचंय म्हटलं की माझ्या अंगातच येतं.

समितीकडे माहितीचा खजिना होता. नकाशे, फोटो, कोण कुणाच्या घोड्याला नाल ठोकायचं, सगळं! मी त्याचं ॲप केलं. ॲप रस्ता दाखवतं, आपण फोन खिशात टाकून भटकायचं. जुनी वास्तू जवळ आली की फोन थरथरतो आणि माझ्या आवाजात गोष्ट सांगायला लागतो. आता हे टेस्ट करायला लोहारखान्यापर्यंत जायला हवं. पण तेव्हा होता फेब्रुवारी, आणि थंडी अशी की शेजाऱ्याचं 'हाय' माझ्यापर्यंत पोचायच्या आत गोठून बर्फात पडायचं! मी लोहारखान्याच्या जागी आमच्याच घराचं लोकेशन टाकलं. बेसमेंटमधून किचनमध्ये आलो की फोन बोलायचा. झकास! (ते नंतर परत बदलायचं असतं, हे मला माहीत होतं. अजूनही माहीत आहे.)

शनिवारी दुपारी मी तिकडे जाणारच होतो. सकाळी मात्र घरी सासूबाईंचं भरीत होतं. सासूबाई जळगावच्या, ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याला त्या 'आजारी' म्हणतात. घरातला स्मोक अलार्म त्यांनी आधी दोनदा वाजवला असल्यामुळे बायकोनं, म्हणजे मंजिरीनं, त्यांना कोळशाच्या शेगडीसकट ड्राइव्हवेवर पाठवलं होतं. धुराचे लोट, हातात लांब चिमटा, पुढ्यात वांगी घोटायचं मुसळाएवढं दांडकं!

मी आत पुऱ्या लाटत होतो (नकाशा कुठलाही निघो, हेतू गोल होता). सासूबाई डोकावल्या.

"जावईबापू, तुमचे पाव्हणे आलेत. भले लोक आहेत, पण नुसते फोटोच काढतात."

बाहेर येऊन पाहतो तर पंधराएक माणसं, डोक्याला हॅट, पायात ट्रेकिंगचे बूट. आणि पंधरा फोनांतून, थोडा मागेपुढे होत, माझाच आवाज घुमतोय, "आपण एका जिवंत वारशासमोर उभे आहात! इथे आजही जुन्याच पद्धतीनं काम चालतं!"

"पराग, काय करून ठेवलंयस?" मंजिरी.

"काही नाही गं, पत्ता जरासा चुकलाय."

"कुणाचा?"

"लोहारखान्याचा."

एका हॅटवाल्या आजोबांनी विचारलं, "घोडे कुठे आहेत?" मी म्हटलं, "लंच ब्रेक!"

मी सासूबाईंकडे वळलो. "आई, हे लोक चुकून आलेत हो!"

"चुकून का होईना, दारात आलेत ना? मंजू, प्लेटा काढ!"

तेवढ्यात मार्गारेटबाईंचा फोन. "पराग, इथे मी, आमचा लोहार डग आणि नगरपालिकेच्या बाई, एवढेच आहोत! दोन तास आम्ही एकमेकांनाच इतिहास सांगतोय. एक वाजता बाई निघणार!"

मी धावत जाऊन लोकेशन बदललं, परत येऊन ओरडलो, "मंडळी, खरा लोहारखाना तिकडे आहे! चला!"

एक पाऊल हललं नाही. "पण आता मिरच्या पडणार आहेत ना?" आजोबा म्हणाले. सासूबाईंनी त्यांना खाणाखुणांनी सगळी कृती समजावली होती!

मग एकच मार्ग उरला. कढई, मिरच्या, लसूण डिकीत, भाजलेली वांगी पातेल्यात, पातेलं सासूबाईंच्या मांडीवर, सासूबाई पुढच्या सीटवर. गर्दी आपोआप मागे! आमच्यामागची गाड्यांची लांबलचक रांग बघून वाटेत एका गृहस्थांनी अंत्ययात्रा समजून गाडी बाजूला घेतली आणि टोपी काढली.

एकला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. नगरपालिकेच्या बाई पर्स उचलत होत्या. सासूबाई थेट भट्टीपाशी. "अगं बाई! एवढा विस्तव, आणि वर काहीच नाही?"

पुढच्या मिनिटाला भट्टीवर कढई होती. डग भाता मारतोय आणि सासूबाई त्याला मराठीत झापतायत, "हळू रे बाबा, मिरच्या करपतील!" आणि तो हळू मारतोय! लसूण ऐरणीवर ठेचला गेला. "ती ऐरण अँटिक आहे!" मार्गारेटबाई किंचाळल्या, आणि पहिल्या घासानंतर त्यांनीच हातोडा धुऊन आणला. नगरपालिकेच्या बाईंनी दोनदा भरीत घेतलं, डोळे-नाक पुसलं आणि कुलूप रद्द केलं.

सोमवारी समितीची मेल आली. लोहारखाना उन्हाळाभर उघडा. दर शनिवारी भरीत. सासूबाई 'सन्माननीय लोहार'. शेवटी माझ्याबद्दलही आदरानं एक ओळ होती : ॲप तूर्त बंद ठेवावं, परागनं हायवेच्या वळणावर उभं राहून लोकांना हातानं रस्ता दाखवावा.

तेव्हापासून दर शनिवारी मी पिवळं जाकीट घालून तिथे उभा असतो. आजवर फक्त तीन गाड्या चुकल्या. त्यांतली एक मंजिरी चालवत होती.